तुळशीचे वकील

आमच्या सोसायटीत शिंक खासगी राहत नाही. जिन्यात कुणी शिंकलं की दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडतं आणि आतून प्रश्न येतो, "कोरडी की ओली?"

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ मराठी वस्तीच्या प्रत्येक इमारतीत एक तरी असतात. कुठं ते निवृत्त मास्तर असतात, कुठं एसटीतले, कुठं बँकेतले. आमचे पाटबंधारे खात्यातले. वैद्यकीचं शिक्षण नाही, वनस्पतिशास्त्राचा संबंध अकरावीत सुटला. पण तुळशीचं वकीलपत्र त्यांनी आपण होऊन घेतलेलं आहे. तुळशीनं ते दिलं होतं का, ही चौकशी अजून कुणी केलेली नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. नुसतं काका. सोसायटीत काका बरेच आहेत, पण "काकांनी विचारलंय" असा निरोप आला की कुणाचाही घोटाळा होत नाही.

त्यांची तपासणीची पद्धत ठरलेली आहे. आधी कोरडी की ओली. मग, "रात्री भात खाल्ला होता?" खाल्ला असेल तर भातानं झालं, नसेल तर पोट रिकामं राहिलं म्हणून झालं. मग जीभ. जीभ बघून त्यांना काय कळतं हे गूढ आहे, पण सोसायटीचे चेअरमनसुद्धा भर जिन्यात उभं राहून त्यांना जीभ दाखवून गेलेले आहेत. शेवटी निदान होतं, "कफ आहे." उपाय, तुळस. कफ नसला तर वात, उपाय तुळस. पित्त निघालं तरी तुळसच. आता तुळस उष्ण, पित्त वाढवणारी, असं भावप्रकाशात स्वच्छ म्हटलेलं आहे. सी विंगमधल्या वैद्यबाईंनी, ज्यांच्याकडे पदवी, दवाखाना आणि पाटी तिन्ही आहे, हे एकदा काकांना सांगून पाहिलं. काका समजुतीनं हसले. नंतर आम्हाला म्हणाले, "त्यांचं चुकत नाही हो. त्या शिकलेल्या आहेत."

काढा म्हणजे तुळशीची मूठभर पानं, आल्याचा तुकडा, चार मिरी, गवती चहा आणि गूळ. काका सांगतात, काकू उकळतात, आपण पितो. या कामाच्या वाटणीत इतक्या वर्षांत फरक पडलेला नाही. पातेलं कुठल्या फडताळात असतं हे काकांना ठाऊक असेल, असं खात्रीनं म्हणता येत नाही.

मात्र ज्ञानाच्या बाबतीत त्यांना अडवायची सोय नाही. चरकाचं नाव ते खात्यातल्या जुन्या साहेबाचं काढावं तसं काढतात. "चरकांनी श्वासावरची दहा औषधं सांगितली, त्यात आपली आहे. सुरसा नावानं. सुश्रुतांनी तर सुरसादि म्हणून आख्खा गण केला." हे दोन्ही खरं आहे. काकांची हीच पंचाईत आहे. ते जे सांगतात त्यातलं निम्मं खरं असतं, आणि उरलेलं निम्मंही ते त्याच आवाजात सांगतात. तुळशीच्या तेलात युजेनॉल असतं, तेच लवंगेत असतं, म्हणून दाताच्या दवाखान्यात तसा वास येतो, हे बरोबर. त्याला लागून पुढचं वाक्य येतं, "म्हणून हिरड्यांना तुळस चावून खावी." आणि त्याच्या पुढचं, "पण चावायची नाही हं, पानात पारा असतो, दात जातात." हिरड्यांसाठी चावायची आणि दातांसाठी गिळायची, असं त्या पानाचं नेमकं काय करायचं, हे विचारायच्या आत ते ऑक्सिजनवर गेलेले असतात. तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते हे त्यांचं लाडकं कलम. सूर्य मावळल्यावर तुळससुद्धा तुमच्या-आमच्यासारखा कार्बन डायऑक्साइडच सोडते, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलानं हे त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. काकांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "यात तुळशीचं नाव कुठाय?"

2020 चा उन्हाळा हा त्यांचा सुवर्णकाळ. आयुष मंत्रालयानं काढा घ्यायला सांगितला आणि प्रमाणही दिलं. तुळस चार भाग, सुंठ दोन, दालचिनी दोन, मिरी एक. जन्मभर परिपत्रकांवर पोसलेल्या माणसाच्या हाती थेट केंद्र सरकारचं परिपत्रक आलं, तेही तुळशीच्या बाजूनं! काकांनी ते इंटरकॉमवरून घरोघरी वाचून दाखवलं. दर संध्याकाळी प्रत्येक दारात थर्मास. मात्र प्रमाण त्यांनी सुधारून घेतलं होतं. सरकार काहीही मंजूर करताना हात आखडता घेतं, हा खात्यातला अनुभव जमेस धरून त्यांनी मिरी एकाची चार भाग केली. मे महिना संपता संपता अर्ध्या सोसायटीला तोंड आलं आणि उरलेल्यांची छाती जळायला लागली. औषधाच्या दुकानातल्या पित्ताच्या गोळ्या संपल्या. काका समाधानानं म्हणाले, "गुण येतोय. आतली उष्णता बाहेर पडतेय."

पुढं त्यांच्या हाती एक नवं शास्त्र लागलं. तुळशीचं खोड चौकोनी असतं. पानं समोरासमोर येतात, फुलाला दोन ओठ असतात, आणि ज्या झाडांत हे सगळं जमतं ती बहुतेक एका कुळातली. पुदिन्याचं कुळ म्हणतात त्याला. हे कुणी सांगितलं कोण जाणे, पण कुळ म्हटल्यावर मराठी माणसाचा तपास थांबत नाही. काका भाजी बाजारात जाऊन देठं चिमटीत फिरवून बघू लागले. पुदिना, चौकोनी, आपल्यातला. सबजा, चौकोनी, आपल्यातला; किंबहुना तुळशीची सख्खी बहीण. मरवा आपल्यातला. गजऱ्यात मोगऱ्याच्या जोडीला गुंफतात ती पाचसुद्धा आपल्यातली. पानओव्याची भजी सगळ्यांनी खाल्लेली असतात. तो पानओवा आपल्यातला, आणि ज्याच्या वासावरून त्याला हे नाव पडलं तो ओवा मात्र परका, कोथिंबिरीच्या घरातला. गवती चहा तर गवतच निघाला. इतकी वर्षं काढ्यात शेजारी बसवलेला हा इसम परक्या कुळातला निघाल्यानं काका दोन दिवस अस्वस्थ होते. "तुळशीत भांग," एवढंच म्हणाले.

फुलबाजारातल्या मावशींशी त्यांचा झालेला संवाद मी स्वतः ऐकला आहे. मावशींच्या टोपलीत मरवा होता आणि दवणा होता.

"मावशी, हा मरवा ठीक आहे. पण दवणा आपल्यातला नाही."

"आपल्यातला म्हंजी?"

"म्हणजे तो सूर्यफुलाच्या घरातला."

"असंना का. जोतिबाला चालतो. तुमालाच का चालंना?"

काकांनी मरवा घेतला. मावशींनी दवण्याची काडी वर फुकट घातली.

नातवाच्या वाढदिवसाला पिझ्झा आला. काकांनी ओरेगॅनोची पुडी फोडली, नाकाशी नेली आणि आख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं ओरडले, "पानओवा!" वासाच्या हिशेबानं ते बरोबर होतं. दोन्हींत कार्व्हाक्रोल नावाचं द्रव्य असतं, आणि ओरेगॅनोही त्याच कुळातला. उरलेल्या पुड्या त्यांनी खिशात घातल्या. दुसऱ्या दिवशीच्या काढ्याला पिझ्झाचा वास होता. नातीनं चिया सीड्सचं महागडं पाकीट आणलं तेव्हा त्यांनी तेही वाडग्यात भिजवून बघितलं. सबजासारखी बुळबुळीत पिशवी प्रत्येक दाण्याभोवती धरली. "मेक्सिकोची आत्या," त्यांनी निकाल दिला, "आणि सबजाच्या किती पट पैसे घेते बघा." चिया खरोखरच त्या घराण्यातली आहे. तेव्हा पैशाचंही खरं होतं.

पण कळस झाला सागवानावर. साग आणि निर्गुडी यांना पूर्वी घाणेरीच्या कुळात धरत. गेल्या शतकाच्या शेवटी वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोघांना तिथून काढून तुळशीच्या कुळात आणून बसवलं. सागाची कोवळी फांदीही चौकोनी असते. हे समजल्यावर काका आपल्या घराच्या सागवानी दाराकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग भरल्या आवाजात काकूंना म्हणाले, "अगं, आपली तुळस आणि आपलं दार एकाच घराण्यातले!"

काकू म्हणाल्या, "म्हणूनच दोन्ही मीच पुसत असते."

यानंतर सूचना फलकावर एक कागद लागला. "पुदिन्यास नोबेल. सर्व सभासदांचे हार्दिक अभिनंदन." यातही पाणी घातलेलं नव्हतं, म्हणजे फार नव्हतं. 2021 सालचं वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना मिळालं. स्पर्श आणि ऊन-गार आपल्याला समजतं कसं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आपल्या शरीरात थंडीची वर्दी देणारा जो ग्राही असतो, तो दोघांनी वेगवेगळं काम करून मेंथॉलच्या मदतीनं शोधला. मेंथॉल पुदिन्यातलं. बाम चोळला की कपाळ गार पडत नाही, कपाळाचं तापमान असतं तेवढंच राहतं. त्या ग्राहीला मेंथॉल चढतं आणि तो मेंदूला "गारठलो" म्हणून खोटं कळवतो. खरं नसताना ठासून सांगायचं आणि ऐकणाऱ्याला बरंही वाटायचं, ही विद्या पुदिन्याच्या घराण्यात फार जुनी असावी. काकांना ती वकिलीतून लागली.

आता डासांचं प्रकरण. हे जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण त्यात सोसायटीचा पैसा गेला.

सर जॉर्ज बर्डवूड हे मुंबईत डॉक्टरकी केलेले, झाडापेडांचा अभ्यास असलेले इंग्रज गृहस्थ. त्यांनी 1903 साली लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. भायखळ्याची राणीची बाग तयार होत असताना तिथल्या कामगारांना डासांनी आणि तापानं हैराण केलं होतं. हिंदू व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून बागेच्या कडेनं तुळस लावली आणि डासांचा त्रास हटला, असा त्या पत्राचा मजकूर. पत्र खरं आहे. त्यातला अनुभव एका माणसानं खूप वर्षांनी आठवून लिहिलेला आहे, हेही खरं. काकांना ते कुणीतरी फोनवर पाठवलं, आणि त्यातलं 'सर' हे बिरुद वाचून त्यांच्या शंका मिटल्या. नाहीतरी तुळशीच्या बाबतीत आपल्या आजीवर अविश्वास दाखवणारी माणसं इंग्रजाचं पत्र निघालं की हात जोडतात.

वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव आला. आवाराच्या भिंतीलगत 108 कुंड्या. खर्चाचा विषय निघाला तेव्हा काकांनी राणीच्या बागेचा दाखला दिला. पुन्हा निघाला तेव्हा घातला पिंपळ, वड, सीताहरण, वृंदा आणि जालंधर असा वळसा. सभा रात्री साडेदहापर्यंत चालली, आणि सभासदांनी घरी जाता यावं म्हणून इमारतीच्या रंगकामाच्या पैशावर तुळशीपत्र ठेवलं. ठराव एकमतानं मंजूर.

कुंड्या आल्या. फरशीवर मातीचे डाग पडू नयेत म्हणून प्रत्येक कुंडीखाली प्लॅस्टिकची ताटली आली. पाणी घालायचं काम वॉचमनकडे. "दोन वेळ, भरपूर," असा काकांचा हुकूम. पाटबंधारे खात्यातल्या माणसाकडून याहून वेगळा हुकूम कसा यायचा? पहिले पंधरा दिवस भिंत दृष्ट लागेलशी दिसत होती. मग पाऊस सुरू झाला. वॉचमननं पाणी घालणं थांबवलं नाही, कारण हुकूम मागं घेतलेला नव्हता.

श्रावणात सोसायटीत तीन जण डेंगीनं आडवे झाले. महापालिकेची आरोग्य सेविका तपासणीला आली. विशीतली मुलगी, हातात टॉर्च आणि काचेची बाटली. ती टाकी बघायला गेली नाही, टायर शोधायला गेली नाही. सरळ भिंतीपाशी जाऊन खाली बसली आणि पहिल्या ताटलीत टॉर्च मारला.

"काका, अळ्या आहेत."

"अहो बाई, तुळशीखाली? शक्य नाही." मग त्यांनी तिला भायखळ्यापासून लंडनपर्यंत नेलं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता एकेक ताटली बघत पुढं सरकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं बाटली उजेडात धरली. आत त्या वळवळत होत्या.

"काका, तो 'टाइम्स' यांनी वाचलेला दिसत नाही."

तुळशीच्या तेलाचा वास डासांना आवडत नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पान चुरडून अंगाला चोळलं तर थोडा वेळ फरक पडतो. पण नुसतं उभं असलेलं झाड डासाला हाकलायला जात नाही, आणि डेंगीचा डास तर स्वच्छ, साचलेलं पाणीच शोधत असतो. आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं सांगतात. त्या मुलीनं नोटीस दिली, सगळ्या ताटल्या उपड्या केल्या आणि जाताना काकांना नमस्कारही केला. कुंड्यांमधली निम्मी तुळस त्याआधीच मुळं कुजून गेली होती. काकांनी त्या रात्री सेक्रेटरींना पत्र लिहिलं. विषय, 'हल्लीच्या डासांची बदललेली प्रकृती'.

काकूंची तुळस यांपैकी कशातच नव्हती. ती गॅलरीत, तेलाच्या जुन्या डब्यात. डब्याला तळाशी खिळ्यानं पाडलेली भोकं, खाली ताटली नाही. सकाळचं ऊन येतं त्या कोपऱ्यात. काकू आंघोळ करून येतात, मातीत बोट घालून बघतात, कोरडं लागलं तर तांब्याभर पाणी, ओलं लागलं तर नुसता नमस्कार. मंजिऱ्या धरल्या की लगेच खुडतात. झाड एकदा बी धरायला लागलं की पानांची वाढ मागं पडते आणि बुंधा वाळायला लागतो. काकू याला "पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरवणं" म्हणतात. रविवारी आणि द्वादशीला पान तोडायचं नाही हा त्यांचा नेम आहे. त्यामुळं रविवारी शिंकणाऱ्याला शनिवारची पानं मिळतात. संध्याकाळी दिवा. या सगळ्यावर त्यांनी आजपर्यंत कुणाला एक वाक्य ऐकवलेलं नाही. त्या वेळी काका आत बसून तुळशीचं महत्त्व कुणाला तरी फोनवर समजावत असतात आणि मधेच "अगं, जरा हळू, आवाज येतोय" असं म्हणतात.

घरोघर असंच आहे. तुळस बायका जगवतात आणि पुरुष समजावून सांगतात.

कार्तिकात लग्न लागतं. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही चालतं, पण आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी, कारण मुलीच्या बापाला धीर नसतो. उसाचा मांडव, बोरं, चिंचा, आवळे, अंतरपाट, बाळकृष्ण पाटावर. ए विंग मुलीकडची, बी विंग मुलाकडची. बी विंगला यात मानपानाचं भारी सुचतं. गेल्या खेपेला त्यांनी चहा गार आहे म्हणून अर्धा तास अडून दाखवलं. मंगलाष्टकं काकाच म्हणतात, दोन्ही बाजूंची, आणि शेवटच्या "सावधान"ला त्यांचा गळा दरवर्षी भरून येतो. लोक हसतात. मी हसत नाही. त्यांच्या मुलीचं लग्न अमेरिकेत झालं आणि काकांना ते पडद्यावर बघावं लागलं, हे मला माहीत आहे. तर ते असो. सगळे फराळाला गेल्यावर काकू उसाची कांडी गोळा करतात, हळदीकुंकू पुसतात आणि सांडलेल्या अक्षता चिमण्यांना टाकतात.

लग्नानंतर थंडी पडली की तुळस उतरते. पानं पिवळी पडतात, गळतात, पौषापर्यंत नुसत्या काड्या राहतात. तुळस हे मुळात उन्हाचं झाड. शिवाय दोन-तीन वर्षांत ती जून होऊन जातेच. पण घरातली तुळस वाळली की घरावर संकट येतं, असं काकांनी कुठंतरी वाचलेलं. एका डिसेंबरात त्यांनी गॅलरीतल्या काड्या बघितल्या आणि गुरुजींना फोन लावला. शांत ठरली. गुरुजी आले, होम झाला, धुरानं शेजाऱ्यांचा गजर वाजला, दक्षिणा गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी डब्यात हिरवीगार, वीतभर तुळस! काकांनी आम्हाला हाताला धरून नेऊन दाखवली. "याला म्हणतात गुण! मेलेलं झाड तीन दिवसांत उठलं."

काकू दर पावसाळ्यात मंजिऱ्यांचं बी पेरून चार रोपं मागच्या बाजूला तयार ठेवतात. हे आमच्या हिला ठाऊक आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना ठाऊक आहे, कामाला येणाऱ्या ताईंनाही ठाऊक आहे. काकांना कुणी सांगितलेलं नाही. गुरुजींना सांगितलं होतं, ते म्हणाले, "राहू द्या."

आषाढी वारीत काका माउलींच्या पालखीबरोबर एक टप्पा चालतात. पुण्याहून सासवड, दिवे घाटातून. आळंदीपासून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात, दिवस अठराच्या आसपास, त्यातला हा एक. एका वर्षी मी बरोबर होतो. आमच्या पुढं डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक मावशी चालत होत्या. परभणीकडच्या. वय साठीच्या पुढचं, पायात रबरी चपला, चाल एकसारखी. काकांनी त्यांना गाठलं आणि घाटाच्या पायथ्यापासून सुरुवात केली. युजेनॉल झालं, चरक झाले, चोवीस तासांचा ऑक्सिजन झाला. गळ्यातली माळ तुळशीच्या लाकडाचीच का, हे त्यांनी त्या माळकरी बाईला सांगितलं. मावशी "व्हय माउली, व्हय" करत होत्या. अर्ध्या चढावर त्या थांबल्या.

"माउली, बोलता बोलता जरा धरा की. घोटभर पानी पेते."

नाही म्हणायला सवड मिळाली नाही. चुंबळ काकांच्या डोक्यावर आली, त्यावर वृंदावन. पितळेचं, आत ओली माती, वर तुळस. काकांनी दोन्ही हातांनी कड धरली आणि मान ताठ केली. ओल्या मातीचं वजन किती भरतं, याची कोष्टकं त्यांनी नोकरीत असंख्य वेळा तपासून पुढं पाठवली होती. मावशींनी पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं, चपलेतला खडा काढला, ओळखीच्या एका दिंडीवाल्याशी पावसापाण्याचं बोलल्या. तेवढा सगळा वेळ काका तुळशीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांच्या वकिलीत पडलेला हा सर्वांत मोठा खंड.

"द्या आता. पांडुरंग भलं करंल," म्हणून मावशींनी वृंदावन उचललं आणि त्या पुढं गेल्यासुद्धा. काका घाट चढेपर्यंत मान वळवून बघू शकत नव्हते. रात्री घरी काकूंनी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून त्यांची मान शेकली. "निर्गुडी पण आपल्यातलीच," काका पालथे पडल्या पडल्या म्हणाले. म्हणजे दुखणं फारसं नव्हतं.

असे काका तुमच्याही जिन्यात असतील. त्यांनी काढा दिला तर प्या. चांगला असतो, काकूंनी केलेला असतो. रक्त पातळ ठेवायच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रोजचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर काकांना जीभ दाखवत बसू नका, रक्त तपासून घ्या. तुळशीला ऊन द्या, पाणी बेतानं घाला, मंजिऱ्या खुडा. आणि कुंडीखाली ताटली असेल तर हे वाचून झाल्यावर आधी उठा आणि ती उपडी करा.